परिधेय गतिसंवेदक आणि धावपटूच्या कामगिरीचे विश्लेषण : मराठवाड्यातील ग्रामीण खेळाडूंच्या संदर्भात

बीजसंज्ञा : गतिसंवेदक, त्वरणमापक, घूर्णमापक, सरावभार, ग्रामीण धावपटू, नडगीची दुखापत

प्रस्तावना

ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे याने ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ नोंदवून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक मिळविणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद होती. दोघांत अंतर ०.०५ सेकंदाचे, म्हणजे पापणी लवण्यास लागतो त्याहूनही कमी काळ. या शर्यतीत धावपटूस २८ साधे व ७ पाण्याचे असे एकूण ३५ अडथळे ओलांडावे लागतात. ०.०५ सेकंदास ३५ ने भागले असता प्रत्येक अडथळ्यामागे दीड सहस्रांश सेकंदाहूनही कमी काळ येतो. एवढा काळ कोणत्या अडथळ्यावर, कोणत्या पायाच्या कोणत्या हालचालीत गेला, हे प्रशिक्षकाच्या डोळ्यास दिसत नाही आणि हातातील स्टॉपवॉचला तर नाहीच. हाताने घेतलेल्या वेळेत एक-दोन दशांश सेकंदाची चूक नेहमीचीच असते.

डोळ्याला न दिसणारी ही हालचाल मोजण्यासाठी जी लहान इलेक्ट्रॉनिक उपकरणे खेळाडूच्या अंगावर बांधली जातात, त्यांना परिधेय गतिसंवेदक असे म्हणता येईल. क्रिकेट, हॉकी व फुटबॉल या खेळांतील मोठ्या संघांचे खेळाडू सरावाच्या वेळी पाठीवर छोटा खिसा असलेली घट्ट बंडी घालतात, ती आता दूरचित्रवाणीवरही ओळखीची झाली आहे. त्या खिशात काय असते, ते काय मोजते, आणि मुख्य म्हणजे काय मोजू शकत नाही, हे मराठीतून स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखाची दुसरी बाजू पाचोड परिसराशी संबंधित आहे. छत्रपती संभाजीनगर ते बीड या राष्ट्रीय महामार्गावरील पैठण तालुक्याच्या या गावात व भोवतालच्या खेड्यांत पहाटे पाच वाजता रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली दिसतात. त्यांतील फार थोडी पदकासाठी धावतात, बहुतेकांचे लक्ष पोलीस भरती व सैन्यभरतीकडे असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीस ५० गुण असून त्यांतील २० गुण पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावण्यास आहेत. घरची जमीन दोन-तीन एकर, मोसंबीची बाग असली तर ती पावसाच्या भरवशावर. अशा घरातील मुलाच्या दृष्टीने हे २० गुण म्हणजे नोकरी. त्यामुळे संवेदकांचा विचार केवळ उच्च दर्जाच्या खेळाडूपुरता न करता या पहाटेच्या धावपटूच्या अंगाने करणे प्रस्तुत लेखकास अधिक आवश्यक वाटते.

पूर्वपीठिका

अंगावर उपकरण बांधून हालचाल मोजण्याची कल्पना संगणकाच्या युगातील नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने १८७० च्या दशकात बुटाच्या तळव्यात हवेची पोकळी बसविली होती. पाऊल टेकले की हवा दाबली जाई, तो दाब रबरी नळीतून धावणाऱ्याच्या हातातील नोंदयंत्रापर्यंत पोहोचे आणि फिरत्या कागदावर रेघ उमटे. पाऊल किती वेळ जमिनीवर व किती वेळ हवेत, हे त्या रेघेवरून वाचता येत असे. आज हजारो रुपयांच्या घड्याळात ‘भूस्पर्श काल’ म्हणून जो आकडा दिसतो, तो तत्त्वतः हाच.

पुढे स्नायूंच्या अभ्यासासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळालेले ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्किबाल्ड हिल यांनी १९२७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वेगवान धावपटूंच्या अंगावर चुंबक बांधून त्यांना तारेच्या वेटोळ्यांजवळून धावावयास लावले. प्रत्येक वेटोळ्यापाशी विद्युत्प्रवाहाचा क्षणिक झटका नोंदला जाई आणि त्यावरून धावपटूचा वेग आरंभी कसा वाढतो व नंतर कसा मंदावतो, याचा आलेख मिळे. जपानमध्ये १९६५ साली कमरेला लावण्याचे पाऊलमापक विक्रीस आले आणि दररोज १०,००० पावले चालण्याचा प्रघात त्याच्या नावावरून रूढ झाला. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून नव्हे, तर विक्रीसाठी निवडलेल्या नावातून आलेला आहे, ही बाब आजही फारशी कोणी लक्षात घेत नाही.

आजच्या संवेदकाचा खरा पूर्वज मात्र मोटारीत आहे. अपघाताच्या वेळी हवेची पिशवी उघडण्यासाठी अचानक बसणारा धक्का ओळखणारा स्वस्त त्वरणमापक आवश्यक होता. १९९० च्या दशकात तो सिलिकॉनच्या चकतीवर सूक्ष्म यांत्रिक रचना कोरून तयार करण्यात आला. तोच पुढे मोबाइल फोनमध्ये आला, फोनची कोट्यवधींनी निर्मिती झाल्याने त्याची किंमत उतरली आणि मग तो खेळाडूच्या पाठीवर पोहोचला. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संशोधनातून २००६ साली कॅटापल्ट ही कंपनी निघाली, तेव्हापासून सांघिक खेळांत या उपकरणांचा व्यापारी प्रसार झाला. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१५ मध्ये सामन्यातही अशी उपकरणे घालण्यास परवानगी दिली आणि २०२२ च्या विश्वचषकात तर चेंडूच्याच पोटात दर सेकंदाला ५०० वेळा नोंद करणारा संवेदक बसविण्यात आला.

संवेदकाची रचना व कार्य

पाठीवरील त्या खिशात साधारणपणे तीन प्रकारचे संवेदक असतात : त्वरणमापक, घूर्णमापक व चुंबकत्वमापक. बहुतेक सांघिक खेळांच्या उपकरणांत याशिवाय उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचा ग्राहकही असतो.

त्वरणमापक समजण्यास एस.टी. बसचा प्रवास पुरेसा आहे. चालकाने ब्रेक दाबला की उभा प्रवासी पुढे झुकतो आणि गाडी निघताना मागे जातो. डोळे मिटून बसलेला प्रवासीही आपण किती झुकलो यावरून गाडीचा वेग किती झपाट्याने बदलला, हे सांगू शकतो. त्वरणमापकाच्या आत असाच एक अतिसूक्ष्म ‘प्रवासी’, म्हणजे सिलिकॉनचा वजनदार तुकडा, स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर टांगलेला असतो. तो हलला की त्याच्या व स्थिर पट्ट्यांमधील अंतर बदलते, त्यामुळे विद्युतधारिता बदलते आणि हा बदल आकड्यात रूपांतरित होतो. एकमेकांस काटकोनात असलेल्या तीन दिशांना हे मापन चालते.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी चकवते. टेबलावर स्थिर ठेवलेला त्वरणमापक शून्य दाखवीत नाही, तो ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे एक ‘जी’ दाखवितो. उलट उंचावरून सोडलेला फोन हवेत असेपर्यंत जवळजवळ शून्य दाखवितो. कारण हे उपकरण प्रत्यक्षात आधाराची प्रतिक्रिया मोजते, त्याला गुरुत्वाकर्षण व हालचाल यांत भेद करता येत नाही. धावपटू थोडा पुढे वाकला तरी आकडे बदलतात आणि वेग वाढविला तरीही बदलतात. यातील कोणता बदल वाकण्याचा व कोणता वेगाचा, हे ठरविण्यासाठी दुसरा संवेदक लागतो.

तो दुसरा म्हणजे घूर्णमापक. वळण्याचा वेग, म्हणजे दर सेकंदाला किती अंश फिरले, हे तो मोजतो. त्याच्या आत सतत कंप पावणारा सूक्ष्म तुकडा असतो. उपकरण वळले की कोरिऑलिस परिणामामुळे तो आडव्या दिशेने ढळतो आणि त्या ढळण्यावरून वळणाचा वेग कळतो. मांडी व पोटरी अशा दोन्ही ठिकाणी घूर्णमापक बांधले तर गुडघा किती व किती वेगाने वाकला, ते काढता येते. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ होता कामा नये, असा नियम आहे. त्याची अधिकृत तपासणी अनेक कॅमेऱ्यांच्या प्रयोगशाळेत होत असली, तरी दंड व मनगट येथे संवेदक बांधून हाच कोन मैदानावर अजमावता येतो.

घूर्णमापकाचा दोष असा, की त्याची चूक हळूहळू साचत जाते. काही मिनिटांनी तो स्थिर खेळाडूही किंचित वळला आहे, असे सांगू लागतो. ही चूक सुधारण्यासाठी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा सांगणारा चुंबकत्वमापक मदतीस घेतात, मात्र लोखंडी गोलखांब, पत्र्याचे छप्पर किंवा व्यायामशाळेतील वजने जवळ असली की तोही भुलतो. तीन साक्षीदारांपैकी प्रत्येकाच्या बोलण्यात वेगळ्या प्रकारची खोट असताना तिघांचे जबाब ताडून सत्याच्या जवळ जाणे, असे हे काम आहे. त्यासाठी वापरली जाणारी गणिती पद्धत रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडली व ती चांद्रयानांच्या मार्गनिश्चितीत वापरली गेली.

केवळ त्वरणावरून अंतर काढता येईल काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. सिद्धांततः येते : त्वरणाचे एकदा संकलन केले की वेग आणि दोनदा केले की अंतर. परंतु संवेदकात ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी क्षुल्लक कायमची चूक आहे असे मानले, तर १० सेकंदांत अंतराची चूक अर्धा मीटर होते, एका मिनिटात १८ मीटर आणि पाच मिनिटांत ४५० मीटर. चूक वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १६०० मीटरचे अंतर कमरेवरच्या त्वरणमापकाने मोजू पाहणे व्यर्थ आहे. पावलावर संवेदक बांधल्यास मात्र एक नामी युक्ती साधते. प्रत्येक पावलागणिक पाय क्षणभर जमिनीवर पूर्ण स्थिर असतो, त्या क्षणी वेग शून्य आहे हे निश्चित ठाऊक असते, तेव्हा साचलेली चूक दर पावलाला पुसून टाकता येते.

नोंदीचा वेग व संवेदकाची जागा

उपकरण दर सेकंदाला किती नोंदी घेते, यावर त्याचे बरेचसे मोल ठरते. शंभर मीटरच्या अव्वल धावपटूचे पाऊल जमिनीवर सुमारे ०.१ सेकंद टेकते. दर सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या उपकरणास त्या स्पर्शाच्या सुमारे दहा नोंदी मिळतात, तर दर सेकंदाला एकच नोंद घेणाऱ्यास बहुतेक पावले दिसतच नाहीत. त्याचप्रमाणे संवेदकाची कमाल मर्यादाही पाहावी लागते. नडगीवर बांधलेल्या उपकरणास कठीण रस्त्यावर बसणारा धक्का मोठा असतो. मर्यादा कमी असल्यास आलेखाचा शेंडा सपाट होतो आणि नेमका जो धक्का मोजावयाचा तोच हरवतो.

जागेचा प्रश्न याहून नाजूक आहे. खांद्यांच्या पात्यांमध्ये, कमरेच्या मागे माकडहाडाच्या वर, नडगीवर, बुटावर आणि मनगटावर अशा पाच जागा प्रचलित आहेत. कमरेची जागा शरीराच्या गुरुत्वमध्याच्या जवळ असल्याने एकंदर हालचालीस उत्तम. नडगीवरून हाडापर्यंत पोहोचणाऱ्या धक्क्याचा अंदाज येतो. सर्वांत सोयीची व सर्वांत फसवी जागा मनगटाची. मनगटावरचा पट्टा हाताच्या झोकावरून पावले मोजतो. मोटारसायकलवरून पैठणला जाऊन आले तरी खाचखळग्यांमुळे पावलांत भर पडते आणि डोक्यावरची घागर दोन्ही हातांनी धरून चालणाऱ्या बाईची पावले मोजलीच जात नाहीत. सैल बांधलेला संवेदक शरीराची नव्हे, स्वतःच्या लोंबण्याची हालचाल मोजतो. उपकरण कितीही महाग असले तरी पट्टा घट्ट नसेल तर सर्व व्यर्थ.

उपग्रहाधारित मापन आणि खो-खो

दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात अंतर व वेग यांसाठी उपग्रहाधारित मापन समाधानकारक आहे. मोकळ्या आकाशाखाली सरळ रस्त्यावर पाच किलोमीटर धावताना दोन-तीन मीटरची चूक कोणास जाणवत नाही. पण बर्मिंगहॅमच्या शर्यतीकडे पुन्हा पाहावे. साबळे यांचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६.१ मीटर होता. ०.०५ सेकंदाचे अंतर म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर. काही मीटर चुकणारे घड्याळ हा फरक कधीच दाखवू शकणार नाही.

खो-खोमध्ये अडचण अधिकच वाढते. हा आपल्या मातीतील खेळ, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. त्याचे मैदान आता बंदिस्त सभागृहात मॅटवर आखले जाते आणि तेथे उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही. उघड्या मैदानावरही धावक पाटीवरील खेळाडूंच्या मधून इतक्या कमी अंतरात दिशा बदलतो, की त्या वळणांपेक्षा मापनातील चूकच मोठी ठरण्याचा संभव असतो. सभागृहाच्या कोपऱ्यांत रेडिओ खांब बसवून स्थान काढण्याची पद्धत आहे, मात्र ती खर्चिक आहे. या खेळासाठी त्वरणमापक व घूर्णमापक हेच खरे उपयुक्त संवेदक होत : खो मिळाल्यापासून पहिले पाऊल पडेपर्यंतचा वेळ, खांबापाशी वळण घेताना डावीकडे व उजवीकडे लागणारा वेळ, सूर मारल्यानंतर उठण्यास लागणारा वेळ हे सर्व त्यांतून मिळू शकते. ग्रामीण महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्यास प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर याहून चांगला मिळणार नाही.

पोलीस भरतीतील ‘चिप’बाबत येथे खुलासा आवश्यक आहे. अलीकडील भरतीत अनेक ठिकाणी धावण्याची वेळ आरएफआयडी चिपने घेण्यात आली. मुलांचा समज असा, की ही चिप आपल्या धावण्याची पद्धत तपासते. तसे नाही. ती केवळ ओळखचिठ्ठी आहे. रेषेवरील यंत्राजवळून गेली की ‘अमुक क्रमांक अमुक क्षणी येथून गेला’ एवढेच कळते. ती वेळ सांगते, गती कशी होती हे सांगत नाही.

आकड्यांचा अर्थ

धावपटूच्या संदर्भात संवेदकातून मुख्यतः पुढील गोष्टी मिळतात : दर मिनिटाची पावले, पावलाची लांबी, भूस्पर्श काल, शरीराचे वर-खाली होणे आणि डाव्या-उजव्या पायातील फरक. १६०० मीटर अंतर ५ मिनिटे २० सेकंदांत धावणारा मुलगा सेकंदाला ५ मीटर जातो. तो मिनिटाला १८० पावले टाकत असेल तर त्याचे पाऊल सुमारे १.६७ मीटरचे होते आणि एका चाचणीत तो ९६० पावले टाकतो, म्हणजे प्रत्येक पाय ४८० वेळा जमिनीवर आपटतो. धावताना प्रत्येक वेळी शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढे बल पायावर येते. हे आकडे फळ्यावर मांडले की बूट का पाहून घ्यावेत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मिनिटाला १८० पावले हा आकडा अलीकडे मंत्रासारखा जपला जातो. अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील धावपटूंची पावले मोजली तेव्हा बहुतेकांची संख्या १८० वा त्याहून अधिक आढळली, हा त्याचा उगम. ते जगातील उत्तम धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगाने धावत होते. साडेपाच फूट उंचीच्या मुलीने सकाळच्या संथ धावण्यात तीच संख्या गाठलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ होत नाही.

डाव्या-उजव्या पायातील फरक हा या सर्वांत सर्वाधिक बोलका व सर्वाधिक गैरसमज करून देणारा आकडा आहे. शंभर नोंदींच्या उपकरणास ०.०१ सेकंदाहून लहान फरक एका पावलात दिसत नाही, परंतु शेकडो पावलांची सरासरी घेतली की लहान फरकही स्पष्ट होतो. आमच्या एका विद्यार्थ्याच्या नोंदीत डाव्या पायाचा धक्का सातत्याने वेगळा दिसत होता. प्रथम शंका पायावर घेतली गेली. नंतर लक्षात आले की तो रोज रस्त्याच्या डाव्या कडेने जातो आणि परतीलाही डावीच कडा धरतो. डांबरी रस्ता मध्ये उंच व कडांना उतरता असतो. जाताना-येताना दोन्ही वेळा त्याचा डावा पाय उताराच्या बाजूस पडत होता. अशा वेळी परीक्षा सोपी आहे : रहदारी नसलेल्या गावरस्त्यावर ज्या कडेने गेले त्याच कडेने परत यावे. फरक दुसऱ्या पायाकडे गेला तर दोष रस्त्याचा, तो त्याच पायात राहिला तर धावपटूस वैद्यांकडे न्यावे. त्याचा फरक पायाबरोबर न राहता कडेबरोबर फिरला. संवेदक हा प्रश्न उपस्थित करतो, उत्तर मात्र रस्ता पाहिलेल्या माणसासच सापडते.

सरावाचा भार आणि नडगीची दुखापत

पाचोड परिसरातील मुलांचे खरे नुकसान मंद वेगाने होत नाही, दुखापतीने होते. भरतीची जाहिरात येईपर्यंत सराव रेंगाळलेला असतो. जाहिरात आली की चार आठवड्यांत सर्व भरून काढण्याची घाई सुरू होते. काळ्या मातीचे मैदान उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकटते, म्हणून धावणे डांबरी रस्त्यावर. पायात कॅनव्हासचे झिजलेले बूट. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागते. मुले त्यावर पट्टी बांधून धावतात. हाडावर वारंवार येणाऱ्या ताणाचा हा परिणाम असतो आणि तो दुर्लक्षित राहिल्यास हाडास बारीक तडा जाण्यापर्यंत जातो. भरतीच्या दिवशी लंगडत मैदानाबाहेर पडलेला मुलगा प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. वयाची मर्यादा ओलांडण्यापूर्वीची त्याची ती अखेरची संधी होती.

येथे संवेदक काय करू शकतो? सांघिक खेळांच्या उपकरणांत ‘खेळाडूवरील भार’ नावाचा एक आकडा असतो. तिन्ही दिशांतील त्वरण एका नोंदीपासून पुढच्या नोंदीपर्यंत किती बदलले, त्या बदलांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून ते सरावभर साठवीत गेले की तो मिळतो. तो अंतरापेक्षा अधिक सांगतो, कारण उड्या, वळणे व धक्केही त्यात येतात.

या भाराची तुलना कशाशी करावयाची? ऑस्ट्रेलियन संशोधक टिम गॅबेट यांनी २०१६ मध्ये लोकप्रिय केलेल्या पद्धतीत चालू आठवड्याच्या भारास गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीने भागतात. उदाहरणार्थ, तीन आठवडे प्रत्येकी २० किलोमीटर धावून चौथ्या आठवड्यात ४० किलोमीटर धावल्यास सरासरी २५ किलोमीटर येते व गुणोत्तर १.६ होते. ०.८ ते १.३ हा पट्टा सुरक्षित आणि १.५ च्या पुढे धोका, असे त्या पद्धतीत मानले गेले. पुढे फ्रँको इम्पेलिझेरी प्रभृती संशोधकांनी या गुणोत्तराच्या संख्याशास्त्रीय पायावरच आक्षेप घेतले : चालू आठवडा भाजक व भाज्य दोन्हींत येतो, आणि गुणोत्तर कमी ठेवल्याने दुखापत टळते हे सिद्ध झालेले नाही. हे आक्षेप बरोबर आहेत. त्या ठरावीक मर्यादांना नियम मानू नये. तथापि अचानक दुप्पट धावू नये, एवढा बोध घेण्यास या गुणोत्तराच्या अचूकतेची आवश्यकता नाही, आणि त्यासाठी उपकरणाचीही नाही. दहा रुपयांची वही पुरते. रोज किती किलोमीटर, कोणत्या जमिनीवर, नडगी दुखली की नाही, एवढे तीन रकाने.

असे लिहिल्यावर संवेदकांवरील लेखाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन हे, की उपकरण विकत घेण्यापूर्वी कोणता प्रश्न वहीने सुटतो आणि कोणता सुटत नाही, हे माहीत असावे. किती धावलो हे वही सांगते. कसे धावलो, थकल्यावर शेवटच्या चारशे मीटरमध्ये पाऊल आखूड झाले की मंद, धक्का वाढला की नाही, हे वही सांगत नाही.

माहितीची मालकी

शर्यतीच्या नियमांत अशा उपकरणांना बंदी नाही. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमांनुसार धावपटूस हृदयगती, वेग, अंतर वा पावले मोजणारे उपकरण अंगावर ठेवता येते, मात्र त्याद्वारे दुसऱ्या कोणाशी संपर्क साधता येता कामा नये. प्रश्न नियमांचा नसून माहिती कोठे जाते याचा आहे. घड्याळ वा ॲप वापरणाऱ्याची नोंद बहुधा कंपनीच्या संगणकावर साठते. स्ट्राव्हा या ॲपने जगभरातील वापरकर्त्यांच्या धावण्याचे मार्ग एकत्र करून प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून काही देशांचे लष्करी तळ ओळखता येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. ज्यांना जवान व्हावयाचे आहे त्यांना हे उदाहरण अवश्य सांगावे.

मुलींच्या बाबतीत हा मुद्दा घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. रोज पहाटे कोणत्या रस्त्याने, किती वाजता, एकटी की सोबतीने, हे सर्व त्या नोंदीत असते. त्यामुळे ॲपमधील मार्ग सार्वजनिक न ठेवणे ही पहिली दक्षता होय. १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी या वयाचे असतात, याचा विचार क्रीडा शिक्षकांनी करावा. खेळाडूच्या शरीराची नोंद निवड समितीच्या टेबलावर त्याच्या परवानगीवाचून जाऊ नये, असेही प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. ‘या मुलाचा डावा पाय कमजोर दिसतो’ हे वाक्य रस्त्याची कडा न पाहता लिहिले जाऊ शकते.

उपलब्ध साधनांतून प्रारंभ

व्यावसायिक उपकरणांचा संपूर्ण संच ग्रामीण महाविद्यालयाच्या क्रीडा निधीतून घेणे शक्य नाही, आणि एका मैदानाची डागडुजी व वीस जोड बूट यांपुढे तो घ्यावा असेही वाटत नाही. परंतु त्वरणमापक व घूर्णमापक जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आधीच आहेत. जर्मनीतील आखेन तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये उपलब्ध केलेले फायफॉक्स हे विनामूल्य ॲप फोनमधील संवेदकांचे आकडे थेट आलेखरूपाने दाखविते व नोंद फोनमध्येच साठविते.

आमच्या महाविद्यालयात केलेल्या प्रात्यक्षिकाची पद्धत अशी : फोन जुन्या सुती पट्ट्याने कमरेच्या मागे घट्ट बांधावा, पडदा बाहेरच्या बाजूस. नोंद सुरू करून तीन वेळा जागेवर उडी मारावी, म्हणजे आलेखात आरंभाची खूण मिळते. मग मोजलेले १०० मीटर धावावे, थांबून पुन्हा एक उडी मारावी. एका मित्राने काठावरून पावले तोंडाने मोजावीत. आलेखातील शिखरे मोजली असता सरळ धावण्यात ती मित्राच्या मोजणीशी जुळली, वळणावर मात्र दोन-तीन शिखरे एकमेकांत मिसळली आणि वर्गात वाद झाला. तो वाद संवेदकाच्या नोंदीच्या वेगापासून पट्ट्याच्या गाठीपर्यंत गेला. पुढील आठवड्यात तीच मुले पट्टा आवळून, तीच १०० मीटर, एकदा ताजेतवाने असताना व एकदा १२०० मीटर धावल्यानंतर लगेच धावली. दुसऱ्या आलेखात शिखरांमधील अंतर जवळपास तेवढेच होते, परंतु वेळ अधिक लागला होता. पावलांचा ताल टिकला होता, लांबी कमी झाली होती. त्या मुलांनी आपल्या वहीत चौथा रकाना आखला आहे.